रामा, राणी आणि बिस्किट

“मॅडम, तुमच्या शाळेत तीन वर्षांच्या पोरीला शू लागली, तर ती कोणत्या भाषेत सांगते?”

हा प्रश्न माझा नाही, माझ्या वर्गातल्या दीपालीचा. मी तो खरंच विचारला, तर माझ्या भूगोलाच्या वहीतले नकाशे महिनाभर ती काढून देणार, अशी वर्गात पैज लागली होती. आठवीपर्यंत मी हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानासुद्धा बाकाकडे बघायचे. यंदा नववीत वक्तृत्वात दुसरी आले आणि तेव्हापासून माझं तोंड बंदच होत नाही. असं अम्मी म्हणते, आणि कौतुकाने म्हणत नाही.

मॅडमनी चष्मा पुसला.

“शिकवतो ना आम्ही. ‘मे आय गो टू टॉयलेट.’ पहिल्या आठवड्यात येतं सगळ्यांना.”

“आणि त्या आठवड्यात?”

“त्या आठवड्यात दप्तरात जास्तीची चड्डी पाठवायची.”

मला मॅडम एकदम आवडल्या. अम्मीने मात्र टेबलाखालून असा चिमटा काढला की नकाशे महाग पडले.

आमच्या मूल गावात ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे टाय लावून जायची बालवाडी. त्या सकाळी आम्ही तिथे गेलो होतो माझ्या धाकट्या बहिणीच्या, शग्गूच्या इंटरव्ह्यूला. कागदावर ती शगुफ्ता. तीन वर्षांची, आणि बोलण्यात माझीही आपा, म्हणजे मोठी बहीण.

तिची तयारी मी करून घेतली होती. अब्बांचं शिलाईचं दुकान आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच आहे. जुन्या कॅलेंडरच्या मागे मी टाइमटेबल काढलं. आधी बटणं: मोठी, छोटी, दोन भोकांची, चार भोकांची. मग टेप घेऊन घरातलं जे सापडेल ते मोजायचं. बकरी मोजू देत नव्हती, ती सोडली. आणि चिंध्यांवरून रंग. शग्गूला सतरा रंग येत होते. सतरा! मला नववीत बारा येतात.

मॅडमनी गुलाबी कार्ड दाखवलं. “व्हॉट कलर?”

“राणी!” शग्गू ओरडली.

“नो. पिंक.” पुढचं कार्ड, निळसर हिरवं.

“रामा!”

मॅडमनी फॉर्मवरचं ‘शगुफ्ता वहाब शेख’ पुन्हा एकदा वाचलं. “रामा कोण?”

“कोणी नाही मॅडम, रंग आहे,” मी म्हणाले. “ब्लाऊजमध्ये फार चालतो.”

तिसरं कार्ड फिकट तपकिरी होतं.

“बिस्किट!”

“भूक लागली का हिला?” मॅडमनी ड्रॉवर उघडून खरंच एक बिस्किट काढलं. शग्गूने ते कार्डाशेजारी धरून बघितलं, मान हलवली आणि खाल्लं. रंग बरोबर होता.

मॅडमनी फॉर्मवर लिहिलं: कलर्स, निल. म्हणजे शून्य.

“सीट ठेवते तुमच्यासाठी,” त्या अम्मीला म्हणाल्या. “पुढच्या सोमवारी परत आणा. पण तोवर घरात हे कपड्यांचे रंग बंद करा. दोन-दोन नावांनी पोरं गोंधळतात.”

अम्मीने ते मनावर घेतलं. आमच्या घरात अर्धी हिंदी आणि अर्धी इकडची झाडी बोली चालते. त्या दिवसापासून रंगांपुरती इंग्रजी सुरू झाली. अब्बांनी “तो राणी धागा दे व” म्हटलं की अम्मी आतून ओरडायची, “पिंक म्हना!” अब्बांनी युनिफॉर्म कापायला घेतला होता, वीतभर टायसकट. “हा आमसुली...” म्हणता म्हणता ते स्वतःच गप्प बसायचे.

पण गंमत बुधवारी संपली. राइस मिलवाले वारलूभाऊ पँट न्यायला आले. ते आले की शग्गूला रंग विचारायचे आणि मुद्दाम चुकायचे, हा दोघांचा जुना खेळ.

“शग्गू, हे ठिगळ लाल हाय ना व?”

शग्गूने आत अम्मीकडे बघितलं. मग अब्बांकडे. मग जमिनीकडे.

“मले नाई येत,” ती म्हणाली.

वारलूभाऊ हसायला तयार होते, ते तसेच राहिले. “वहाबभाऊ, पोरीले बरं नाई काय?”

अब्बांनी मशीन थांबवली नाही. पण टीप वाकडी गेली, मी बघितली.

जमिनीकडे बघायचं मला चांगलं ठाऊक होतं. आठ वर्षं बघितलंय मी.

“अम्मी, हे काऊन करून राह्यली तू?” मी आत जाऊन विचारलं.

“तुले काय समजते?” अम्मी भाकरी थापत होती. “चौथीत शाळा सुटली माही. बँकेत फारम भराले लोकायच्या तोंडाकडे पाहा लागते. शग्गू नाई पाहणार कोनाच्या तोंडाकडे.”

मी तव्यावरची भाकरी उलटली.

गुरुवारी मीराबाईंचा ब्लाऊज पोचवायचा होता. मिलच्या भिंतीला लागून त्यांची अंगणवाडी आहे: एक खोली, एक हातपंप आणि पंचवीस पोरं. मी शग्गूला सोबत नेलं.

मीराबाईंनी ब्लाऊज अंगाला लावून बघितला आणि खाली बसल्या, शग्गूच्या उंचीला. “माह्या बिलाऊजचा रंग कोनता व माय?”

“ग्रीन?” शग्गू इतकं हळू बोलली की मलाच जेमतेम ऐकू आलं.

“ग्रीन तं झाड बी हाय. हा तसा नाई दिसत मले. याले काय म्हनतेत?”

शग्गूने माझ्याकडे बघितलं. मी काहीच केलं नाही. नुसती मान हलवली. बरं, जरा जोरात हलवली.

“रामा,” शग्गू म्हणाली.

“अगबाई! मले मालूमच नोव्हतं. पोरायहो, या इकडं! रामा रंग कुठी कुठी हाय, धुंडा बरं!”

पंचवीस पोरं सुटली. एकाने हातपंपाचा दांडा दाखवला. एकीने मोरपीस आणलं आणि त्यातल्या कोणत्या भागावर बोट ठेवायचं यावरून भांडण झालं. शग्गू मधे उभी राहून निवाडा करत होती: “हा रामा. हा नाई. हा थोडासा.” निघताना ती पंपाला धरून बसली. मी मीराबाईंना आधी एकच विचारलं, “शू लागली तर इथं कोणत्या भाषेत सांगायचं?”

“करंगळी दाखवली तरी पुरते व.”

घरी आले तेव्हा अब्बा टायला शेवटची टीप घालत होते आणि अम्मी बटणं निवडत होती. वक्तृत्वात उभी राहते तशी मी कापायच्या टेबलासमोर उभी राहिले.

“अब्बा, अम्मी, सोमवारी कॉन्व्हेंटात कोनी जानार नाई. शग्गूचं नाव मी मीराबाईकडे सांगून आली. टाय राहू द्या, बकरीले होते. आनि रोज संध्याकाळी, शाळेतून आल्यावर, या टेबलावर एक तास माहा इंग्रजीचा वर्ग. राणी पन राहीन आनि पिंक पन शिकवीन, एक नाव दुसऱ्याले खात नाई. पोरी दोनच घेनार हाय मी.” मी अम्मीच्या हातातली बटणं बाजूला सरकवली आणि तिच्यापुढे पाटी ठेवली. “एक शग्गू. आनि दुसरी तू. बँकेचा फारम पयला धडा.”