मेगिन्सनबाईंचा बांध

"आवं किर्कवुडसायेब, त्यो बांध हाय, मासळीची पेटी न्हवं. आज उचलली, उद्या दुसरीकडं ठेवली, असं न्हाई हुत!"

एडिथ मेगिन्सन बांधाच्या माथ्यावर काठी रोवून उभी होती. खाली आपल्या कोवळ्या जवात रॉलंड किर्कवुड उभा होता. हल बंदरात माशांचा घाऊक धंदा करून त्याने वेदरथोर्प गावात तीनशे एकर घेतले, आणि त्याच दिवसापासून तो चालताना पोट पुढे काढू लागला. शेतकऱ्याने तसे चालायचे असते, अशी कोणीतरी त्याची समजूत करून दिलेली असावी.

"बाई, सुगी झाली की हा बांध सपाट होणार," तो म्हणाला. "यंत्र ठरवलंय. दोन शेतांचं एक शेत करायचंय मला."

"आन् माझ्या मेंढ्या?"

"मेंढ्यांना काय, कुठंही वितात."

एडिथने त्याच्याकडे असे पाहिले, जसे शेणात पाय पडल्यावर माणूस बुटाकडे पाहतो.

त्या उघड्याबोडक्या चुनखडीच्या माळावर मार्चात समुद्राकडून जो पूर्वेचा वारा सुटे, तो हाडातली मज्जा गोठवी. एडिथच्या चाळीस मेंढ्या बांधाच्या पश्चिम अंगाच्या चरात बसून वीत. पाठीशी दोन पुरुष उंच मातीचा आडोसा, खाली कोरडी जमीन. बांध गेला तर ओली कोकरे तासाभरात लाकडे होणार, आणि कोकरे गेली की कळप गेला. विधवा बाईपाशी दुसरे काही नव्हते.

तिची कागदपत्रे सांगत होती, 'रान बांधापर्यंत.' किर्कवुडचीही सांगत होती, 'रान बांधापर्यंत.' बांध कोणाचा, हे लिहायची तसदी कोणत्याच वकिलाने घेतली नव्हती.

ती उतरून आली तो सेथ वॅडबी कुंपणाला टेकून पाइप ओढत होता. सेथने पन्नास वर्षे गावाचे चर आणि गावाची थडगी खणली होती. दोन्हींत फरक काय विचारले, तर म्हणे, चराच्या मालकाशी भांडावं लागतं.

"एडिथे, वर हुतीस तवा खालचं जव बघितलंस का?"

"त्या मासेवाल्याचं तोंड आडवं आलं. काय हाय जवात?"

"बांधाच्या पलीकडच्या अंगाला, पायथ्याला लागून, चार यार्डाचा पट्टा हातभर उंच आलाय. हिरवागार. बाकीचं रान पावसाबिगर पिवळं पडलंय."

"मग?"

"मग काय? तिथं खाली चर हाय बुजलेला. वल धरणाऱ्या चांगल्या मातीनं भरलेला. पीक खोटं बोलत न्हाई, एडिथे, माणसासारखं."

एडिथने वळून बांधाकडे पाहिले. मग म्हणाली, "सेथ्या, ह्ये कुणाला सांगितलंस तर तुझं थडगं तुलाच खणाय लावीन."

पुढच्या आठवड्यात ग्रामसभेत किर्कवुड उभा राहिला. त्याने गावचा रिवाज पुस्तकातून पाठ करून आणला होता. गावाला तो पुस्तकाशिवाय येत होता. चर खणणारा माणूस आपल्या हद्दीच्या अगदी कडेला खणतो आणि माती आपल्याच बाजूला टाकतो. शेजाऱ्याच्या रानात टाकली तर शेजारी फावडे घेऊन येतो. म्हणजे ज्याच्या अंगाला माती पडली, त्याचा बांध, आणि चरही त्याचाच.

"आता बघा," किर्कवुड म्हणाला, "चर बाईंच्या बाजूला, माती माझ्या बाजूला. म्हणजे माझ्या रानाच्या जुन्या मालकानं खणला. बांध माझा, चरही माझा. मेंढ्या चरात बसतात ती माझी मेहेरबानी."

सभेत कोणी खोकले. एडिथने खाली मान घातली आणि रुमालाने नाक पुसले.

"रिवाज खराच हाय बाबा," ती बारीक आवाजात म्हणाली. "माती ज्याच्या अंगाला, बांध त्याचा. मी अडाणी बाई. पर येवढं लिवून द्या, म्हंजे पुढं माझ्या लेकींनी भांडू ने."

किर्कवुडने मोठ्या मनाने लिहिले. "मूळ चराची माती ज्याच्या अंगाला, बांध व चर त्याचे." मूळ हा शब्द त्याने स्वतः घातला, त्याला तो भारदस्त वाटला. खाली दोघांच्या सह्या, सभेच्या वहीत. सेथने साक्षीदार म्हणून सही केली आणि नंतर पबमध्ये जाऊन तो इतका हसला की त्याची दातांची कवळी ग्लासात पडली.

सुगी झाली. पण कौन्सिलने अडवले. बांध जुना आहे, पाडण्याआधी कोणीतरी जाणकाराने कापून बघावा. किर्कवुडने लगेच विद्यापीठातून पुरातत्त्वाचे डॉक्टर क्विलर बोलावले, त्यांना रोज दुपारी गाईचे थंड मांस आणि लोणचे खाऊ घातले, आणि सांगितले, "काही नाही हो, मातीचा ढीग आहे. तसं लिहून द्या."

क्विलर हा वाळक्या शेंगेसारखा माणूस. त्याने बांधाला आडवा छेद घेतला, पश्चिमेच्या चरापासून पूर्वेला जवाच्या खुंटांपर्यंत. नऊ दिवस तो दात घासायच्या ब्रशाने माती झाडत होता. सेथ काठावर बसून बघत होता.

"डाक्टर, ह्या चालीनं खणलं असतं तर गावात मड्यांची रांग लागली असती."

"आजोबा, हे शास्त्र आहे."

"आसंल. पर त्या तिथं खाली माती मऊ हाय. दोन हात आजून जा."

क्विलर गेला. दहाव्या दिवशी त्याचा आवाज खड्ड्यातून आला, एखाद्याला पोर झाल्यासारखा. सगळे धावले.

"हा तुमचा पश्चिमेचा चर," क्विलर धापा टाकत म्हणाला, "हा काहीच नाही. तळाशी जिंजर बिअरची बाटली सापडली. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी शेतात पसरायला चुनखडी काढली, इतकंच. खरा चर इथे आहे, पूर्वेला, जवाखाली! माणसापेक्षा खोल. तळाशी हरणाच्या शिंगाची कुदळ. तीन हजार वर्षं तरी जुना!"

किर्कवुडचे पोट थोडे आत गेले. "तीन हजार?"

"आन् माती, डाक्टर?" एडिथने विचारले. रुमाल कुठे दिसत नव्हता. "खणणाऱ्यानं माती कुठल्या अंगाला टाकली?"

"पश्चिमेला. स्पष्ट दिसतंय. हे थर बघा, सगळे तिकडे कललेत."

"म्हंजे माझ्या अंगाला."

"हो, पण तुमचा हा रिवाज त्या काळाला लावता येणार नाही, बाई. ते लोक कोण, कोणाची हद्द, काहीच..."

"तुमी शास्तर बघा, डाक्टर. रिवाज आमी सायबांकडनं शिकलोय." ती किर्कवुडकडे वळली. "मूळ चर, असं लिवलंय न्हवं सायेब? तुमच्याच हातानं? बांध माझा. चर बी माझा. आन् चर तर तुमच्या जवाखाली हाय, चार यार्ड."

"ही लबाडी आहे!" किर्कवुड ओरडला. "तीन हजार वर्षांपूर्वी तुम्ही होतात का इथे?"

"मी नसंन. पर तुमच्यावानी शेजारी हुता, त्याबिगर माणूस येवढा मोठा चर कशाला खणंल?"

किर्कवुड वकिलाकडे गेला. वकिलाने वही वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली, आणि साहेबांनी यापुढे काहीही लिहिण्याआधी आपल्याला विचारावे एवढाच सल्ला दिला. वर सरकारने बांधाला संरक्षण दिले. नांगर नाही, यंत्र नाही, मेंढ्यांना मुभा. ऑक्टोबरात किर्कवुडच्याच गड्यांनी कुंपण चार यार्ड मागे सरकवले. एडिथने त्यांना चहा पाजला, कारण गड्यांचा काही दोष नव्हता.

मार्चात वारा आला तसाच आला. बांधाखाली एकोणसाठ कोकरे जगली.

एका रविवारी एडिथ चरात बसून एका अडलेल्या मेंढीला मोकळी करत होती. कोपरापर्यंत हात बरबटलेले. बांधापलीकडून आवाज आला. कुंपणापलीकडे किर्कवुड हलच्या पाहुण्यांना घेऊन उभा होता, पोट पुन्हा पूर्ण बाहेर.

"तीन हजार वर्षं!" तो हात फिरवून सांगत होता. "आमच्या इस्टेटीवरचं बांधकाम. मीच शोध लावला."

शेजारी दोर धरून बसलेला सेथ उठू लागला. एडिथने त्याला खाली ओढले.

"बस गप. कोकराचं डोकं आलंय."

"आगं पर त्यो काय बोलतोय ऐकलंस का?"

"ऐकलं की. बोलू दे." तिने कोकराच्या नाकातला चिकटा बोटाने काढला, त्याला पाय धरून झटकले, आणि ते बें करून ओरडले. "रानाला कुंपण घालता येतं, सेथ्या. तोंडाला घालायचा रिवाज त्या शिंगाच्या कुदळीवाल्यांस्नी बी सापडला नसंल."