जाऊबाईंची झडप

आमच्या घरात नवं काहीही आधी जाऊबाईंना मिळतं. आम्हा दोघी जावांचं शिवणाचं दुकान आहे. तिथलं खिडकीजवळचं मशीन त्यांचं, घरातली मोठी खोली त्यांची, आणि हृदयाची नवी झडपसुद्धा आधी त्यांचीच. जिना चढताना धाप मलाही लागायची, पण डॉक्टरांकडे पहिल्या गेल्या त्या. झडप अरुंद झाली होती. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून नवी बसवली आणि आठवड्याभरात बाई दुकानात हजर.

"कळलंसुद्धा नाही हो! छातीला एक टाका नाही," येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग माझी तपासणी झाली. तेच दुखणं निघालं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. म्हटलं, आता मीही मिरवीन. पण सर्जनबाई माझ्या हृदयाचे फोटो पुन्हापुन्हा बघत राहिल्या.

"झडप अरुंद आहेच, पण तिच्यावर एक मऊ गाठ आहे. साधी आहे, कॅन्सरची नाही. तरी छाती उघडावी लागेल."

"आमच्या जाऊबाईंचं तर मांडीतून झालं!"

"त्यांना गाठ नव्हती."

घ्या! दुखण्यातही त्यांच्या वाट्याला सरळ कापड आणि माझ्या वाट्याला गाठ. मी हट्टालाच पेटले. "मलाही मांडीतूनच हवं. नाहीतर काहीच नको." सोबत आलेल्या नवऱ्याने कपाळाला हात लावला.

"मी शिवणकाम करते," मी सर्जनबाईंना सुनावलं. "उसवलेलं कापड पहिल्यासारखं होत नाही."

"बरं. अस्तरात टाचणी राहिली, तर वरून इस्त्री दाबाल?"

"छे! कापड फाटेल. आधी उसवायचं, टाचणी काढायची."

"मग? मांडीतून घातलेली झडप जुन्या झडपेला दाबून बसते. दाबताना गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर अर्धं अंग जाईल. वाचासुद्धा जाऊ शकते."

वाचा! माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. जाऊबाई बोलतायत, बोलतायत, आणि मला एक उलट उत्तर देता येत नाहीये.

"उघडा छाती," मी म्हणाले.

गाठ निघाली, झडप बसली. मी जरा उठून बसायला लागले, तशा जाऊबाई भेटायला आल्या. आता 'बिचारी' म्हणणार, म्हणून मी दात-ओठ खाऊन तयारच होते. त्यांनी माझ्या छातीवरची शिवण निरखून पाहिली.

"टाके सरळ घातलेत," त्या म्हणाल्या. मग माझी चादर सारखी करत, "भाऊजी म्हणे सगळा वेळ ऑपरेशनच्या दाराशी उभे होते. बसलेसुद्धा नाहीत."

"हो. पाय सुजलेत त्यांचे."

"माझ्या वेळी आमचे हे दुकान उघडायला निघून गेले. एवढंसं तर आहे, म्हणाले." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "तुझं बाई नशीब."

तो आवाज मी लगेच ओळखला. इतकी वर्षं तो माझा होता. हेच ऐकायला मी जन्मभर आसुसले होते, आणि टोचणारं उत्तर अगदी जिभेवर तयार होतं. वाचा शाबूत होती.

छातीत कळ आली, तरी मी थोडी सरकले आणि त्यांना कॉटवर बसायला जागा करून दिली.