भाऊंचा रेनसूट

"हात वर करा. आता खांदा फिरवा. खेळताना फिरवता तसा." दुकानदाराने भाऊंच्या अंगावर निळं पावसाळी जॅकेट चढवलं होतं आणि हातात एक मिटलेली छत्री दिली होती. "मारा बघू."

भाऊंनी छत्री उलटी केली आणि मूठ पुढे करून अदबीने दुकानदाराच्या हातात दिली.

दुकानदार छत्रीकडे बघत राहिला. भाऊंच्या बायकोने कपाळाला हात लावला.

यात भाऊंचा तरी काय दोष? सव्वीस वर्षं ते एका दातांच्या डॉक्टरांचे मदतनीस होते. डॉक्टरांनी मान वर न करता नुसता हात पसरायचा आणि भाऊंनी नेमकं हवं ते हत्यार त्यात ठेवायचं. रविवारी गोल्फच्या मैदानावरही तेच. डॉक्टरांची जड बॅग भाऊंच्या खांद्यावर, आणि डॉक्टर चेंडूशी पोचेपर्यंत योग्य ती काठी तयार. समोरच्याला काय हवंय हे त्यांना त्याच्याआधी कळायचं. स्वतःला काय हवंय, हे विचारायची वेळच कधी आली नव्हती.

डॉक्टर जाऊन आठ महिने झाले. दवाखान्याला कुलूप लागलं. आणि मागच्या आठवड्यात जजसाहेब अचानक घरी आले. डॉक्टर, निवृत्त जजसाहेब, बँकेचे मॅनेजर आणि एक लाकूडव्यापारी अशी ही चौकडी दरवर्षी तीन दिवस बाहेरगावी खेळायला जायची. भाऊ अर्थातच बॅगेबरोबर. जजसाहेब दारातूनच म्हणाले, "शुक्रवारी सहाला गाडी येईल. तयार राहा." पाणीसुद्धा न घेता ते निघून गेले.

तेव्हापासून भाऊंच्या डोक्यात नुसता गोंधळ. डॉक्टर नाहीत, मग बॅग कोणाची उचलायची? जजसाहेबांची? त्यांना तिकडे भाड्याचा माणूस मिळतोच. की चौथा भिडू कमी पडतोय म्हणून बोलावलं? छे, असं कसं होईल. पण नाहीच होणार, असं तरी कसं म्हणायचं? बाकीचे खेळून गेले की डॉक्टर रिकाम्या मैदानावर भाऊंना चार चेंडू मारायला द्यायचे. पुढे चारांचे चाळीस झाले. पण ते त्या दोघांतलं होतं.

"माझा प्रश्न साधा आहे," दुकानदार चष्मा पुसत म्हणाला. तो सज्जन होता, पण त्याचाही धीर सुटत चालला होता. "तुम्ही खेळणार, की बॅग उचलणार? बॅग उचलणार असाल तर हा लांब कोट घ्या. गुडघ्याखाली येतो, खांद्याला दुहेरी कापड आहे, पट्टा घासला तरी फाटत नाही. पण यात हात वर जात नाही. खेळणार असाल तर हा रेनसूट, जॅकेट आणि पँट. पाठीत सैल, आणि हलताना आवाज करत नाही."

"दोन्हीला चालेल असं काही..." भाऊ चाचरले.

"नाही."

भाऊंचा जुना कोट पट्ट्याने घासून खांद्यावर पार विरला होता, म्हणून तर ते आले होते. सरळ तसाच नवा घेतला असता तर काम पाच मिनिटांचं होतं. पण पाऊण तास झाला, त्यांचा हात सारखा त्या निळ्या जॅकेटकडे जात होता आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे येत होता.

बायको त्यांना आरशामागे घेऊन गेली. "अहो, फोन करून विचारा ना जजसाहेबांना. घोडं अडलंय कुठे?"

"काय विचारू? मी खेळू का, असं? त्यांना वाटेल, हा डॉक्टरांच्या जागेवर टपूनच बसला होता."

"मग बॅग उचलायची का, असं विचारा."

"आणि हो म्हणाले तर?"

भाऊंच्या आवाजातलं काहीतरी बायकोने संसारात पहिल्यांदाच ऐकलं होतं. नवऱ्याला एखादी गोष्ट एवढी हवी असते, हेच तिला नवीन होतं. तिला त्यांची कीव आली, थोडा रागही आला. ती तरातरा काउंटरशी गेली.

"तो निळा बांधा," ती दुकानदाराला म्हणाली. मग भाऊंकडे वळली. "बॅगच उचलावी लागली तर ती या सुटातही उचलता येते. कोटात खेळता येणार नाही. एवढं साधं आहे."

साधं होतं खरं. पण शुक्रवारी गाडीत बसल्यावर ते पुन्हा अवघड झालं. भाऊंनी सुटाचं पाकीट पायाशी ढकलून ठेवलं. खेळाडूचा सूट घालून उतरायचं आणि कोणीतरी खांद्यावर बॅग द्यायची, म्हणजे शोभाच. वाटेत तिघे रस्त्याबद्दल बोलले, गुडघेदुखीबद्दल बोलले. डॉक्टरांचा विषय कोणी काढला नाही. भाऊ कशासाठी आलेत, हाही नाही.

शनिवारी सकाळी मैदानावर पोचले तर पाऊस सुरू झालेला. पायरीशी चार बॅगा मांडल्या होत्या. चौथी डॉक्टरांची, त्यांच्या घरून आणलेली. तिची चेन गेल्या वर्षी भाऊंनीच शिवून आणली होती. ते सवयीने वाकणार, एवढ्यात भाड्याची चार माणसं आली आणि एकेक बॅग उचलून चालू लागली. चौथीसुद्धा.

भाऊ पाकीट काखेत धरून तसेच पावसात उभे. हातांचं काय करावं ते कळेना.

"भाऊ, भिजताय कशाला?" जजसाहेब म्हणाले. "घाला ना ते. पहिला फटका तुमचा आहे."

"माझा?"

"मग काय माझा? डॉक्टर नेहमी म्हणायचा, आमचा भाऊ माझ्यापेक्षा सरळ मारतो."

भाऊंना आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली. त्यांनी पाकीट फोडून जॅकेट अंगात चढवलं.

जजसाहेबांनी छत्रीखाली गुणांचं कार्ड उघडलं आणि चौघांची नावं लिहिली. स्वतःचं, मॅनेजरांचं, व्यापाऱ्याचं. चौथ्या ओळीत लिहून झाल्यावर पेन तिथेच थांबलं. वीस वर्षांच्या सवयीने डॉक्टरांचं नाव लिहिलं गेलं होतं.

मॅनेजर बुटांकडे बघू लागले.

"चुकलं हो भाऊ," जजसाहेब हळूच म्हणाले आणि नाव खोडायला त्यांनी पेन टेकवलं.

भाऊंनी कार्डावर तळवा ठेवला. जजसाहेबांना असं अडवायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"राहू द्या साहेब. मी मारतो. तुम्ही त्यांच्या नावावर लिहा."

जजसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. भाऊंना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. कार्डावर एक थेंब पडला तो पावसाचा की कसला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण शाई पसरायला लागली तसं त्यांनी कार्ड मागून घेतलं, जॅकेटच्या आत छातीशी ठेवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि चेंडू ठेवायला खाली वाकले.