कानातला देव

मठाचा मंडप माणसांनी गच्च भरला होता, पण कुणी खोकतसुद्धा नव्हतं. व्यासपीठावर कानवाले महाराज डोळे मिटून बसले होते. ओठ बंद. समोर माइक नाही, कुठे भोंगा नाही. पुढच्या रांगेत दहा-बारा म्हातारी माणसं होती, सगळीच कानानं अधू. प्रत्येकाच्या कानामागे महाराजांनी फुकट वाटलेलं यंत्र, आणि त्यावर शेंदूर फासलेली चिकटपट्टी.

एकाएकी ती सगळी माणसं एकदम हलली. कुणी हात जोडले, कुणाची मान लटपटायला लागली. रंगुबाई तर "आले देवा, आले," म्हणत हमसून रडायला लागल्या. आम्हा चांगल्या कानाच्या माणसांना मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. 

"बघा!" महाराजांचा शिष्य ओरडला. "ज्यांना दुनिया ऐकू येत नाही, त्यांच्याशीच देव बोलतो! तुमचे कान दुनियेच्या कचऱ्यानं भरलेत. तुम्ही करंटे!"

कान चांगले असणं हा दोष असतो, हे मला तेव्हा कळलं. हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण पुढच्या रांगेत माझ्या सासूबाई होत्या आणि त्या मागे वळून माझ्याकडेच बघत होत्या.

माझ्या सासूबाई मालनबाई. मी त्यांना आत्या म्हणते. शेवगावच्या अलीकडे आमचं गाव. माझा नवरा गहिनीनाथ कांद्याचा टेम्पो चालवतो, मी घरी शिलाई करते. आम्हाला एक मुलगी, निकिता. त्या आठवड्यात तिचा ताप उतरतच नव्हता, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या घरभर फिरायला लागल्या. मान तिरकी, कान पुढे. देवघरात थांबल्या, अंगणात थांबल्या, गोठ्यात जाऊन आल्या. मी मशीनवर ब्लाऊज शिवत होते. मोटरचं मशीन, पायाखाली पेडल. आत्या माझ्याजवळ आल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या मागे सरकल्या. पुन्हा जवळ आल्या, पुन्हा मागे गेल्या. मग माझ्या शेजारी झोपलेल्या निकिताला त्यांनी ओढूनच उचललं.

"आत्या, काय झालं?" मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही. माझ्या ओठांकडे बघून त्यांनी ओळखलं.

"देव म्हनला, घरात करनी हाय. ज्याच्यापाशी यंत्र गुनगुनंल, त्यानंच केली."  "रुपे, तुझ्यापाशी लई गुनगुनतंय गं."

त्या रागात असत्या तर मी भांडले असते. पण त्या मला घाबरल्या होत्या. स्वतःच्या घरातलं माणूस आपल्याला घाबरतंय, हे बघण्याइतकं भयंकर काही नसतं.

मग खात्री करायला बाकीची यंत्रवाली माणसं यायला लागली. रंगुबाई दारात उभ्या राहिल्या. मी पेडलवर पाय ठेवताच त्या किंचाळून मागे पळाल्या. गोरक्षनाथ म्हणून एक म्हातारबाबा होते, फार गरीब माणूस. त्यांनी मान वळवली आणि लांबूनच मला हात जोडले, "पोरी, आमच्या पोराबाळांना काय करू नगंस," म्हणून. बायका शिवायला टाकलेले कपडे परत न्यायला आल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे करत राहिल्या. नळावर गेले की माझ्या हंड्याच्या आजूबाजूची भांडी सरकायची.

आणि मग मठातून निरोप आला. येत्या गुरुवारी सुनेला घेऊन या. तळहातावर कापूर ठेवून पेटवायचा. निर्दोष असेल तर हात पोळणार नाही. शेजारच्या गावात एका बाईला असंच केलं होतं. तिला अजून भाकरी थापता येत नव्हती.

"तुम्ही काय करणार आहात?" मी गहिनीनाथला विचारलं.

"मी एकटा काय करू?" तो खाली बघत म्हणाला. "सगळं गाव एका बाजूला हाय, रुपाली. हात पोळला न्हाई तर सुटशील की."

"आणि पोळला तर?"

तो टेम्पोची किल्ली उचलून बाहेर गेला. बेलापूरला माहेरी निघून जावं, असं मनात आलं. पण मी गेले असते तर गाव म्हणालं असतं, बघा, पळाली. निकिताला त्यांनी माझ्याबरोबर सोडलंही नसतं.

मला वाट दिसली ती आत्यांच्या दुखण्यातून. महाराजांच्या यंत्राची कानात बसवायची बोंडी त्यांच्या मापाची नव्हती. घासून घासून उजवा कान सोलवटला. आत्या रात्रंदिवस कण्हायला लागल्या, तेव्हा गहिनीनाथ त्यांना नगरला दाखवायला निघाला. मीही हट्टानं टेम्पोत चढले. आत्या दाराला चिकटून बसल्या आणि माझा पदर आपल्याला लागू नये म्हणून सगळ्या वाटेवर अंग चोरत राहिल्या.

डॉक्टरांनी कान साफ करून औषध घातलं आणि शेजारच्या खोलीत प्रणिता मॅडमकडे पाठवलं. त्या कान तपासून यंत्र ठरवून देतात. त्यांनी तपासणी केली आणि डाव्या कानाला एकेक यंत्र लावून बघायला सुरुवात केली.

पहिलं अगदी चिमुकलं होतं, कानात घातलं की दिसायचंही नाही. पण आत्यांच्या बोटांना ते सापडेना. दुसरं रोज चार्जिंगला लावायचं. "आन लाईट गेली म्हंजे?" आत्यांनी विचारलं. तिसरं कानामागे बसणारं, जरा जाडसर, सेलवर चालणारं, वर हाताला लागेल असं बटण.

"आजी, महाग ते चांगलं असं नसतं," मॅडम सावकाश, ओठ दिसतील असं बोलत होत्या. "तुमच्या कानाला आणि तुमच्या बोटांना जमेल ते चांगलं. इथे शांत खोलीत सगळीच बरी वाटतात. रस्त्यावर जाऊन ऐकून या."

आत्या तिसरं लावून गहिनीनाथबरोबर रस्त्यावर गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर मला कित्येक दिवसांनी हसू दिसलं. "रिक्षावाला काय म्हनला ते सुदीक कळलं की!"

पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "ह्ये नगं. ह्यात देव न्हाई. माझं जुनं द्या."

"कोण नाही?" मॅडमनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं.   मॅडमनी जुनं यंत्र उचलून शेंदराची पट्टी सोलून काढली. आत्या घाबरून ओरडल्या, "मंतरलेलं हाय ते!" पट्टीखाली एक बारीक खटका होता.

"अशा यंत्रात दोन सोयी असतात," मॅडम म्हणाल्या. "एक माइक. तो आपलं बोलणं ऐकतो. दुसरी तांब्याच्या तारेची बारीकशी गुंडाळी. तिला आवाज ऐकूच येत नाही, ती विजेच्या तारेभोवतीचं चुंबकत्व पकडते. मोठ्या सभागृहांत कडेनं तार फिरवतात आणि भाषण त्या तारेत सोडतात. यंत्रवाल्यांना गोंगाटाशिवाय थेट कानात ऐकू येतं. सोय चांगली आहे. पण इथे माइक बंद ठेवलाय आणि नुसती गुंडाळी चालू आहे. म्हणून आजींना घरात माणसांचं बोलणं ऐकू येत नाही."

त्यांनी यंत्राला एक नळी जोडून तिची टोकं माझ्या कानात घातली. त्या मोठ्यानं बोलल्या, यंत्रातून काही आलं नाही. मग त्यांनी यंत्र टेबलफॅनजवळ नेलं. गूंऽऽ असा आवाज माझ्या कानात घुसला. कॉम्प्युटरजवळ तेच. भिंतीवरच्या बोर्डाजवळ तेच.

"तुम्ही घरी कशाजवळ बसता?"

"शिलाई मशीनजवळ," मी म्हणाले. "मोटरच्या." आणि मला रडू कोसळलं.

गहिनीनाथनं नळी स्वतःच्या कानाला लावली. पुन्हा पुन्हा पंख्याजवळ नेली. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. आत्यांनीही ऐकलं, पण त्या डगमगल्या नाहीत. "पंखा गुनगुनतो, व्हय. पन देव माझं नाव घिऊन बोलला. त्ये कुठनं आलं?"

प्रश्न बरोबर होता. "ते मठात जाऊनच बघावं लागेल," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी आवाज खाली आणला. त्याही घाबरल्या होत्या. "आधी पोलिसांना सांगू. असा हातावर कापूर पेटवणं हा गुन्हा आहे, त्यासाठी कायदा आहे. आणि आजी, हे तिसरं यंत्र घाला. यात दोन्ही सोयी आहेत. बटण दाबलं की बदलतं. मंडपात बसून दोन्ही ऐका, मग दाराबाहेर जाऊन ऐका. काय ते तुम्हीच ठरवा."

गुरुवारी दुपारी मला मंडपाच्या मधोमध बसवलं. प्रणिता मॅडम डोक्यावर पदर घेऊन मागे बसल्या होत्या. साध्या कपड्यातले दोन पोलीस गर्दीत आहेत असं मला सांगितलं होतं, पण ते कुठे दिसेनात. खरंच आलेत का? शेजारच्या इंदूनं माझं मनगट धरलं. शिष्यानं तळहातावर कापराची वडी ठेवली. तिचा वास नाकात गेला.

पुढची रांग हलली. देव बोलायला लागला होता.

शिष्यानं काडेपेटी उघडली, तेवढ्यात आत्या उठल्या आणि तो थबकून बघत राहिला. आत्यांनी कानामागचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग माणसांतून वाट काढत, थरथरत, त्या दाराकडे चालायला लागल्या. उंबरा ओलांडून बाहेर थांबल्या. आत आल्या. परत बाहेर गेल्या.

"थांबा!" त्या दारातून ओरडल्या. "ह्यो देव भाईर येत न्हाई! उंबऱ्याच्या आत बोलतो, भाईर गेलं की गप! आन बटन दाबलं तर आतबी गप!"

"मायमाउली, देव आपली सीमा राखतो!" महाराजांनी डोळे उघडले. "नादब्रह्माचं वर्तुळ आहे हे! लहरी आहेत! सूक्ष्म लहरी!"

"लहरीच आहेत," मागून प्रणिता मॅडम म्हणाल्या. त्यांनी पदराखालून एक छोटा स्पीकर काढला. त्याला तारेची गुंडाळी जोडलेली होती. त्यांनी तो सतरंजीवर ठेवला, आणि भरल्या मंडपात देवाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मालन, भिऊ नको. तुझ्या सुनेच्या हातावर अग्नी..." मग एक खोकला. मग हळू आवाजात, "अरे, तो फॅन लाव रे जरा. किती उकडतंय."

 मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. शिष्याच्या हातातली काडेपेटी सतरंजीवर सांडली.

गहिनीनाथनं धावत जाऊन सतरंजीची कड उचलली. खाली भिंतीच्या कडेनं तार गेली होती. ती धरून तो मठाच्या मागच्या खोलीत शिरला, पोलीस त्याच्या मागोमाग. आत ॲम्प्लिफायर होता, आणि बनियनवर बसलेला एक माणूस माइक तोंडाशी धरून घाम पुसत होता. आमचे महाराज पूर्वी लग्नात मंडप आणि स्पीकर भाड्यानं द्यायचे, हे नंतर कळलं. गावातली खबर शिष्य पुरवायचे. निकिताचा ताप त्यांच्या कानावर कुणी घातला, ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही.

निकिता शेवगावच्या डॉक्टरांच्या औषधानं बरी झाली. आत्यांनी तिसरंच यंत्र ठेवलं. पहिल्या दिवशी त्या मशीनशेजारी बसल्या, मी पेडल दाबलं, आणि त्यांनी सवयीनं दचकून निकिताचा हात धरला. मग सोडला. "माफ कर म्हनायला तोंड न्हाई मला," त्या म्हणाल्या. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला, तेवढं मला पुरलं.

इंदू परत ब्लाऊज शिवायला घेऊन येते. चांगलं बोलते. मी तिचं माप घेते, पण तिच्या दंडाला टेप लावताना तिचे हात कुठे आहेत ते अजून आधी बघते. तार महाराजांनी टाकली होती हे खरं. माझं मनगट मात्र आमच्याच माणसांनी धरलं होतं.

म्हणून सांगते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू येत असेल तर कान तपासणाऱ्याकडे न्या, दोन-तीन यंत्रं लावून बघा, गर्दीत आणि घरात ऐकून बघा, आणि मगच घ्या. यंत्रातून विचित्र काही ऐकू आलं तर आधी यंत्रच तपासून बघा. माणसाला आरोपी करण्याआधी एवढं तरी करा. सत्तरी ओलांडलेल्या, अंगठा उठवणाऱ्या माझ्या सासूनं भीतीनं कापत कापत दारापर्यंत जाऊन ते केलं. आपल्याला का जमू नये?