खंडेरावांचं माप

खंडेराव बोरस्ते कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकवीस वर्षं क्लार्क होते, आणि त्या एकवीस वर्षांत त्यांचं घड्याळ कधी चुकलं नव्हतं. दोन मिनिटं उशिरा आलेल्याची अर्धी हजेरी ते डोळ्याची पापणी न हलवता कापत. एकदा सख्ख्या मेहुण्याची कापली, तेव्हा बायको महिनाभर बोलली नाही. खंडेरावांना तो महिना बरा गेला. माणसाला आपल्या कामाचा अभिमान असावा, कोण नाही म्हणतं? पण यांच्या अभिमानाला कुणाला तरी पायाखाली घेतल्याशिवाय चैन पडत नसे.

या खेपेला बहिरू गावित सापडला. सुरगाण्याकडचा चोवीस वर्षांचा गडी, गोडाऊनमध्ये पोती उचलायचा. टेम्परवारी होता. पाच महिने भरले की कारखाना त्याला ब्रेक द्यायचा, म्हणजे घरी पाठवायचा, आणि महिन्याभराने नव्याने कामावर घ्यायचा. त्यामुळे त्याला कायम करायची वेळच येत नसे. असे सहा ब्रेक त्याने मुकाट्याने खाल्ले होते.

सत्त्याऐंशी साली कारखान्याला पंचवीस वर्षं होणार होती. लेबर ऑफिसरच्या डोक्यात आलं की आपल्या एखाद्या कामगाराने सलग सात दिवस रोज एक मॅरेथॉन पळून दाखवावी, तीही चार तासांच्या आत. पेपरात फोटो येईल. जो पळेल त्याला कायम करू, असं त्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं. हसणारे पुष्कळ होते, हात वर करणारा एकटा बहिरू. आणि तरुणपणी जिल्ह्याच्या शर्यतीत चौथे आलेले म्हणून त्याला तयार करायचं काम खंडेरावांकडे आलं.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती अंतर मोजायची. रस्त्यावर सरकारी दगड होते, पण मैलांचे जाऊन किलोमीटरचे आले तेव्हा मजुरांनी ते वाटेल तिथे पुरले, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी आपल्या सायकलच्या चाकाचा घेर टेपने घेतला, बेचाळीस किलोमीटरचे किती फेरे होतात त्याचं गणित मांडलं, आणि स्पोकला लाल चिंधी बांधून निघाले. शंभर फेरे झाले की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. पंचवटीतल्या दिंडोरी नाक्यापासून निघून चिंचोके अर्धे झाले तेव्हा दिंडोरीच्या अलीकडचा एक वड आला. त्या वडाला त्यांनी चुन्याचा पट्टा मारला. इथून परत फिरायचं.

बहिरू पळू लागला. आधी एक दिवसाआड, मग सलग दोन दिवस, मग तीन. खंडेराव सायकलवर मागे, गळ्यात स्टॉपवॉच. वडाला हात लावेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता. पाणी पोटात डुचमळतं म्हणे. येताना ओठांवर पांढरा खार वाळलेला असायचा. आणि वेळ निघायची चार तास चाळीस मिनिटं.

"पोती उचलून उचलून बैल झालायस," खंडेराव म्हणत. "बैलाला पळता येतं का?"

बहिरू मान खाली घालून ऐकायचा. एकदाच काय तो बोलला. चौथीपर्यंत शिकला होता, आकडे वाचता येत होते.

"सायब, वडापाशी दगडावर तेवीस लिव्हेल हाय. जायाचे तेवीस, यायाचे तेवीस..."

"मग तूच ये उद्यापासून टाइम ऑफिसात," खंडेराव म्हणाले. "मी पोती उचलतो."

त्यानंतर त्याने दगडांकडे बघणं सोडलं.

वेळ कमी होईना, तेव्हा खंडेरावांनी इलाज सुरू केले. दुपारचं पळवलं. संध्याकाळचं जेवण अर्धं केलं. अंगठ्याचं नख काळंनिळं होऊन हलायला लागलं, तर "रोज रोज ठणकण्यापेक्षा एकदाच ठणकू दे" म्हणून पक्कडीने उपटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाक्यावर उभं केलं. बायको जवळ असली की पाय जड होतात म्हणून त्याच्या साळूबाईला सातव्या महिन्यात गावी धाडायला लावलं. तिकडे ती बाळंत झाली, मुलगा झाला. बहिरूने बघून यायला दोन दिवस मागितले.

"सलग या शब्दाचा अर्थ कळतो का तुला?" खंडेरावांनी विचारलं.

मुलगा दोन महिन्यांचा झाला तरी बापाने त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

शेवटी लेबर ऑफिसरने एक रविवार ठरवला. त्याआधीचे चार दिवस बहिरूने रोज पळायचं, पाचव्या दिवशी रविवारी ते स्वतः नाक्यावर येणार. पाचव्या दिवशी चार तासांच्या आत आला तर उरलेलं सगळं मी धरून चालतो, असं ते म्हणाले. नाही आला तर ब्रेकचं पत्र तयारच होतं, आणि या खेपेच्या ब्रेकनंतर पुन्हा घेणार नव्हते. गोडाऊनमध्ये माणसं कमी करायची होती.

बुध, गुरू, शुक्र, शनी. चार एकवीस, चार वीस, चार एकवीस, चार अठरा. डावं पाऊल बूट काढला की लगेच सुजायचं, म्हणून बहिरू बूट घालूनच झोपायला लागला.

बांधकाम खात्यातला मिस्त्री पुंजाराम दोन दिवस साखळीने रस्ता मोजत होता. पेपरवाले विचारतील म्हणून अंतर एकदा रीतसर मोजायचं होतं. शनिवारी दुपारी तीन वाजता तो खंडेरावांना रस्त्यावरच्या एका मोरीजवळ घेऊन गेला. मोरीच्या कठड्यावर त्याने खडूने फुली मारली होती.

"बोरस्तेसाहेब, परत फिरायची जागा ही. तुमचा वड इथून दोन किलोमीटर पुढं हाय. जाऊन येऊन चार जास्त. चाकाचा घेर कसा घेतला होता?"

खंडेरावांनी कठड्यावरच्या फुलीवर बोट फिरवलं. त्यांना तो दिवस आठवला. मागचं चाक पंक्चर होतं, टायर काढून ठेवला होता, आणि तेवढ्यात त्यांनी टेप नुसत्या रिंगेला लावली होती. रिंग लहान, म्हणून फेरे जास्त, म्हणून वड लांब. सहावीतल्या पोराला कळावं असं गणित.

पुंजाराम मालेगावला बदलून चालला होता, संध्याकाळची गाडी होती. "तेवढी खूण बदलून घ्या," म्हणून तो चहा पिऊन गेला.

खंडेराव मोरीवर बसून राहिले. चार किलोमीटरचे बहिरूला बावीस-तेवीस मिनिटं. म्हणजे गडी चार तासांच्या आत कधीच आला होता, चारही दिवस आला होता. नख उपटायचं कारण नव्हतं. मुलगा बघायला जाऊ द्यायला हरकत नव्हती. हे सगळं त्यांना लख्ख कळलं, आणि त्यांना वाईटही वाटलं. उगाच खोटं कशाला सांगा. पण त्याच्या मागोमाग टाइम ऑफिस दिसलं, मेहुणा दिसला, अर्धी हजेरी कापलेली शेदोनशे तोंडं दिसली, आणि ती सगळी हसत होती. बोरस्तेने टायर काढून रस्ता मोजला.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी सकाळी सहाला बहिरू सुटला. मागच्या चार दिवसांत पळाला नव्हता तसा पळाला. डावं पाऊल टाकताना दर वेळी त्याच्या घशातून बारीक आवाज निघायचा, बाकी काही नाही. मोरी दिसायला लागली तेव्हा खंडेरावांनी सायकल त्याच्या बरोबरीला घेतली. एक शब्द पुरला असता. फिर. एवढाच.

बहिरूने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. साहेब काही सांगतायत असं त्याला वाटलं असावं.

"हात खाली ठेव," खंडेराव म्हणाले.

मोरी मागे गेली. बहिरू हात खाली ठेवून वडापर्यंत गेला, चुन्याच्या पट्ट्याला हात लावून फिरला.

नाक्यावर लेबर ऑफिसर गाडीला टेकून उभे होते. शेवटच्या चढाला बहिरू डावा पाय ओढतच आला, रेघ ओलांडली आणि दुकानाच्या पायरीवर बसला. खंडेरावांनी स्टॉपवॉच दाबलं.

"चार तास तीन मिनिटं."

लेबर ऑफिसरने बहिरूकडे पाहिलं. बुटातून रक्त मोज्यावर आलं होतं. माणूस वाईट नव्हता.

"पाचवा दिवस आहे बिचाऱ्याचा. तीन मिनिटांनी काय होतं, बोरस्ते? तुम्ही म्हणत असाल तर घेऊ."

म्हणजे आता काही कबूलही करायचं नव्हतं. नुसतं "घेऊ" म्हणायचं होतं. पण घेतलं असतं तर पुढच्या महिन्यात हाच गडी साखळीने मोजलेल्या बेचाळीसवर पळाला असता, पावणेचारच्या आत आला असता, आणि एका महिन्यात वीस मिनिटं कुठून आली हे कारखान्यातल्या झाडूवाल्यानेही विचारलं असतं.

"साहेब, वेळ म्हणजे वेळ," खंडेराव म्हणाले. "आज याला तीन मिनिटं सोडली, तर उद्या मी गेटवर कुणाला काय सांगू?"

लेबर ऑफिसरने खांदे उडवले. खंडेरावांची शिस्त त्यांना माहीत होती, किंबहुना तिचं त्यांना कौतुकच होतं. पुढे रौप्यमहोत्सवाला त्यांनी ऑर्केस्ट्रा आणला.

सोमवारी ब्रेकचं पत्र मिळालं. गुरुवारी बहिरू काठी टेकत खंडेरावांच्या घरी आला. बूट कारखान्याचे होते, ते परत द्यायला. धुऊन आणले होते.

"आतला डाग नाय गेला, सायब. दोनदा धुतले."

"राहू दे."

"तुमी लय मेहनत घेतली माझ्यामागं. माझंच पाऊल कमी पडलं." त्याने पिशवीतून फडक्यात बांधलेला शेर-दोन शेर तांदूळ काढला. "साळूनं धाडला. आमच्या खाचरातला हाय. म्हने, सायबांनी उन्हातान्हात सायकल चालवली, त्येंना द्या."

खंडेरावांनी तांदूळ घेतला. बहिरू जरा घुटमळला.

"पाय बरा झाला का तिकडं पळतच राहीन. तीनच मिन्टं हायती, काढतो मी. परत कदी निघालं तर माझं नाव घ्याल ना?"

"बघू," खंडेराव म्हणाले.

रात्री त्यांच्या बायकोने त्या तांदळाचा भात लावला. मोकळा झाला, वासही चांगला होता. खंडेराव दोनदा मागून घेऊन जेवले.