सहा दशांश ग्रॅम

टेलरमास्तर माझ्याकडे फक्त पट्टा बदलायला आले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागलो तर कुणीतरी मला अडवायला हवं. त्यांच्या रेकॉर्ड-प्लेयरची तबकडी फिरवणारा रबरी पट्टा सैल झाला होता. दहा मिनिटांचं काम. बाकी मशीन ठणठणीत होतं.

पण त्याच आठवड्यात मी नवा डिजिटल वजनकाटा घेतला होता. सुई रेकॉर्डवर किती दाबून बसते, हे त्यावर मोजता येतं. जास्त दाबली तर रेकॉर्ड झिजते. कमी दाबली तर सुई खाचेत उड्या मारते आणि जोराच्या सुराला खाचेच्या भिंती फोडते. पंधरा वर्षं मी हे माप पितळेच्या चिमुकल्या तराजूवर काढलं, एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला सुई. नव्या काट्यावर ग्रॅमचा शंभरावा भागसुद्धा दिसायचा. येईल त्याला मी तो दाखवत सुटलो होतो. बायको म्हणाली, "मुलगी झाली तेव्हा तिलासुद्धा इतक्या लोकांना दाखवलं नव्हतंस."

मास्तरांची सुई मी त्या काट्यावर टेकवली. दोन पूर्णांक सहा दशांश. तिला हवे होते दोन ग्रॅम.

"मास्तर, हे वजन कुणी लावलंय?"

"मीच. जुना मेकॅनिक होता ना, त्याने दाखवलं होतं तसं. का हो?"

"ही सुई आहे की नांगर? रेकॉर्ड सोलून निघेल अशाने."

मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. मी सुईच्या दांडीच्या मागचं वजन फिरवून आकडा बरोबर दोनवर आणला. कुणी सांगितलं नव्हतं. वर त्यांना दहा मिनिटं समजावलंही.

पंधरा दिवसांनी ते मशीन घेऊन परत आले, सोबत मऊ कापडात गुंडाळलेली एक रेकॉर्ड. तिच्याबद्दल मला माहीत होतं. मास्तरांच्या बायकोने, काकूंनी, बाविसाव्या वर्षी एका स्टुडिओत गायलेलं एकच गाणं आणि त्याची ही एकच प्रत. चार वर्षांपूर्वी काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तेव्हापासून त्या वहीत लिहून बोलायच्या, आणि रोज संध्याकाळी दोघं एकदा ही रेकॉर्ड ऐकायचे.

"वरच्या सुराला खरखरतंय हो," मास्तर म्हणाले. "पट्टा बदलल्यापासून. जरा ऐकता का?"

ते 'पट्टा बदलल्यापासून' माझ्या डोक्यात गेलं. गिऱ्हाईक माझ्या कामावर बोट ठेवतंय म्हटलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी काटा काढला, सुई टेकवली आणि काटा त्यांच्याकडे वळवला. दोन पूर्णांक शून्य शून्य.

"ऐकायचं काय त्यात? आकडा समोर आहे. मशीन चोख आहे, मास्तर. रेकॉर्ड गेलीय तुमची. इतकी वर्षं नांगर फिरवलात, ती तरी काय करणार?"

"म्हणजे माझ्याच हाताने?"

"मग काय माझ्या?"

"काही उपाय?"

"उपाय कसला? संपत आलीय. आहे तोवर ऐकून घ्या."

मास्तरांनी रेकॉर्ड पुन्हा कापडात गुंडाळली, चारी कोपरे नीट दुमडून. मला धन्यवादही म्हणाले.

महिन्याभराने मास्तरांच्या मशीनसारखंच सुईचं डोकं असलेलं दुसरं मशीन माझ्याकडे आलं. मी दांडी तोलून धरली, म्हणजे मागचं वजन असं लावलं की ती वर-खाली न होता हवेत आडवी राहावी. सुईचं वजन शून्य. आता दाब वाढवायचा म्हणून काटा सुईखाली सरकवला, तर ती शून्य वजनाची दांडी आपणहून खाली झुकली आणि काट्याला जाऊन चिकटली. आकडा उमटला सहा दशांश.

मी काटा बाजूला घेतला. दांडी वर. पुन्हा सरकवला, दांडी खाली. सुईच्या डोक्यात चुंबक असतं, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. काट्याच्या बुडाला लोखंडी पत्रा होता. चुंबक त्या पत्र्याकडे ओढलं जात होतं आणि ती ओढ काटा वजन म्हणून दाखवत होता. मास्तरांच्या सुईचं वजन आधी दोनच होतं. अगदी बरोबर. मी ते एक पूर्णांक चारवर आणलं होतं.

चूक होते, मान्य. पण 'ऐकता का' म्हणून माणूस समोर उभा होता, रेकॉर्ड हातात धरून, आणि मी त्याला आकडा दाखवला. मला माझीच किळस आली.

तरी तीन दिवस गेलो नाही. शेवटी बायकोला सांगितलं.

"मग जा," ती म्हणाली.

"काय तोंडाने जाऊ?"

"ज्या तोंडाने त्यांना बोललास त्याच."

मास्तर शिलाई मशीनवर होते, गळ्यात टेप. खिडकीशी काकू शर्टाला काजं करत होत्या. मी म्हणालो, "सहज आलो होतो." धडधडीत खोटं. पितळी तराजू काढला आणि काही न बोलता त्यांच्या रेकॉर्ड-प्लेयरच्या सुईचा दाब दोन ग्रॅमवर आणला. वाटलं, इतकं करून निसटता येईल.

मास्तर खुशीत होते. "बरं झालं आलात. तुम्ही म्हणालात ना, आहे तोवर ऐकून घ्या? दिवसातून चार-चार वेळा लावतो आता. परवा पुतण्या येऊन मोबाइलवर भरूनही घेऊन गेला. खरखर आलीय त्यात, पण असू दे. माझ्याच हाताने झालं ते. हिला आठ दिवस तोंड दाखवत नव्हतो मी. हिनेच समजूत काढली."

दिवसातून चार वेळा. माझ्या शब्दाखातर. आणि दर वेळी ती हलकी सुई खाच फोडत होती. हिशेब मला लगेच कळला, कारण कळणारा त्या खोलीत मी एकटाच होतो.

"तुमच्या हाताने नाही झालं," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. चुंबक, पत्रा, सहा दशांश. आधीचं त्यांचं वजन बरोबर होतं तेही. बोलताना नजर जमिनीवरच्या दोऱ्यांच्या तुकड्यांवर होती. कुणीतरी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

मास्तर एवढंच म्हणाले, "म्हणजे मी नाही." ते स्वतःलाच म्हणाले, दोनदा.

काकू उठल्या. त्यांनी मला खुर्ची दाखवली आणि रेकॉर्ड लावली.

मी आयुष्यात पहिल्यांदा ते गाणं ऐकलं. सुरुवातीच्या ओळी स्वच्छ होत्या. मग आवाज वर चढायला लागला, आणि नेमका जिथे उघडायचा तिथे फाटला. दुसऱ्या कडव्यात फाटला, तिसऱ्यातही. त्या वरच्या सुराच्या जागी आता नुसती खरखर होती. सुई उचलेपर्यंत मी खुर्चीची कड धरून बसलो होतो.

काकूंनी वहीत लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली.

'वरचा सूर कसा लागायचा ते यांनी आणि मी ऐकलंय. त्या दिवशी खरखरीआड तो अजून होता. तुम्ही ऐकला असतात, तर तिघांनी ऐकला असता.'

मास्तर चष्मा पुसत होते. मी वही दोन्ही हातांनी परत दिली. काकूंनी ती मिटली आणि पुन्हा काजं करायला बसल्या.