क्लचवरचा पाय

सीझन सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता आणि मास्तरांची झोप उडाली होती. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. अर्ध्या गावाला त्यांनी रिव्हर्स घ्यायला शिकवलं होतं. शिकणाऱ्यानं गाडी फुटपाथवर चढवली तरी ते आवाज चढवत नसत. चढवायचे ते फक्त शनिवारी, मैदानावर.

त्यांचा आवडता फुटबॉल क्लब खालच्या डिव्हिजनमधला. मागच्या वर्षी शेवटच्या मॅचला कसाबसा तगलेला, आणि यंदा पहिल्या दिवसापासून मार खात असलेला. एकही पॉइंट नाही. लाल सिग्नल लागला की मास्तर हळूच फोन काढून पॉइंट टेबल बघायचे, जणू मंगळवारी भरदुपारी ते आपोआप बदलणार होतं.

सगळा राग एका माणसावर होता. गेल्या वर्षी गोलांचा रतीब घालणारा पोरगा एका मोठ्या क्लबनं उचलला आणि त्याच्या जागी आला हा उंचच्या उंच स्ट्रायकर. लोकांनी कौतुकानं त्याला 'टॉवर' म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या मॅचनंतर तोच टोमणा झाला. गोल सोडा, गोलाचा वासही नाही. मागच्या शनिवारी मास्तर स्वतः कठड्याला धरून ओरडले होते, "अरे टॉवर, हल की जरा! मुळं फुटलीत का पायाला?" शेजारी बसणाऱ्या पोस्टमननी खूश होऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली होती. पोस्टमन आता निवृत्त झाले होते, पण एक मॅच चुकवायचे नाहीत.

आणि सोमवारी सकाळी तोच टॉवर मास्तरांच्या गाडीसमोर उभा. नवीन विद्यार्थी.

मास्तरांनी आरशाला अडकवलेला क्लबचा मफलर ओढून सीटखाली कोंबला. टॉवर घडी घातल्यासारखा आत बसला. गुडघे स्टिअरिंगला टेकले.

"सीट मागे घ्या," मास्तर म्हणाले.

"मागेच आहे," टॉवर ओशाळून हसला. मैदानावर त्याला हसताना कुणी पाहिलंच नव्हतं. वयानं तो मास्तरांच्या भाच्याएवढा असेल.

तो चांगला शिकत होता. नजर लांबवर, हात सैल. फक्त गिअर बदलताना गाडी दर वेळी गचका खायची. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच असतो आणि दोन्ही क्लच एकमेकांना जोडलेले असतात. शिकणाऱ्यानं किती दाबला ते मास्तरांना पायाखाली कळतं. टॉवरचा क्लच अर्ध्यावर जाऊन थांबत होता. त्या थांबण्याबरोबर त्याचा श्वासही अडकत होता.

"पूर्ण दाबा."

"दाबतोय."

"नाही दाबत. गाडी बाजूला घ्या. डावा पाय दुखतोय का?"

टॉवरनं गाडी कडेला लावली. "तुम्ही फुटबॉल बघता?"

"मी? छे!" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"मग सांगायला हरकत नाही. घोट्याच्या खाली दुखतंय, इथे येण्याआधीपासून. क्लबला माहीत नाही. आता बाहेर बसलो तर आधीच्या क्लबकडे परत पाठवतील. दोन-चार गोल झाले की सांगेन डॉक्टरांना." मग घाईनं म्हणाला, "कुणाला बोलू नका हं, मास्तर."

त्या दिवशी मास्तरांचं कशात लक्ष लागेना. एका बाईंना त्यांनी उजवीकडे वळा म्हणून डावीकडे हात केला. घरी आल्यावर ते हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत अशा फेऱ्या मारायला लागले. बायको टेबलाशी बसून शाळेतल्या मुलांचे पेपर तपासत होती.

"अहो, एका जागी बसा बघू. तुमच्या चपलांच्या आवाजानं मी चुकीच्या उत्तराला बरोबर दिलं."

मास्तर बसले आणि सगळं सांगून टाकलं. तिला फुटबॉलचं काडीचंही वेड नव्हतं, त्यामुळे तिला सांगणं म्हणजे गुपित फोडणं नव्हे, असं त्यांनी स्वतःला पटवलं.

"त्याला बसवलं तर पुढे खेळवायचा कुणाला?" ते म्हणाले. "दुसरा स्ट्रायकर आहे, पण त्याला बॉल कुठल्या दिशेला न्यायचा तेच कळत नाही. आणि याला खेळवलं तर हा असा लंगडणार. म्हणजे दोन्हीकडून आपलीच पंचाईत."

"आपली म्हणजे कुणाची?"

"क्लबची."

बायकोनं लाल पेन खाली ठेवलं. "पाय त्याचा मोडतोय आणि पंचाईत तुमची?"

मास्तर उठून गॅलरीत गेले. रात्रभर ते कूस बदलत राहिले. आपल्या मनात आधी पॉइंट आले आणि पोराचा पाय नंतर, याची त्यांना लाज वाटत होती. आणि गंमत म्हणजे लाज वाटत असतानाही, त्या दुसऱ्या स्ट्रायकरला जरा मागे खेळवलं तर कसं, याचा हिशोब डोक्यात चालूच होता.

गुरुवारी टॉवर आला तेव्हा मास्तरांनी गाडी सुरूच करू दिली नाही. सीटखालून मफलर काढून मांडीवर ठेवला.

"मी खोटं बोललो. बघतो मी फुटबॉल. लहानपणापासून तुमच्याच क्लबचा आहे. मुळं फुटलीत का, असं त्या दिवशी ओरडलं ना कुणीतरी? तो मीच."

टॉवरचे कान लाल झाले. "ऐकू आलं होतं."

"चुकलंच माझं. पण ऐका, डॉक्टरांना पाय दाखवा. शनिवारच्या आधी."

"म्हणजे तुमच्या क्लबला दुसरा कुणी शोधता येईल."

"अहो, दुसरा आहे कुठे! तोच तर..." मास्तर थांबले. तोंडातून परत क्लबच निघाला होता. "पायाचं म्हणतोय मी. तुमच्या पायाचं."

पण टॉवर उतरला होता. दार आपटून तो कोपऱ्यापर्यंत ताठ चालत गेला आणि वळल्यावर, आता आपण दिसत नाही असं वाटून, लंगडायला लागला. दुकानाच्या काचेत मास्तरांना ते दिसलं.

क्लबच्या ऑफिसात फोन करावा का? मास्तरांनी नंबर लावला, वाजायच्या आत बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. पोरानं विश्वासानं सांगितलेलं त्याच्या पाठीमागे पुढे करायला जीभ रेटेना. शनिवार उजाडला.

टॉवर टीममध्ये होता. मास्तरांना बॉल दिसतच नव्हता, फक्त एक डावा पाय दिसत होता. उडी मारली की तो उजव्यावर उतरायचा. वळायचं झालं की उगाच मोठं वळण घ्यायचा. सगळं मैदान शिट्ट्या मारत होतं आणि पोस्टमन सगळ्यांत पुढे. "याला कुणी पार्सल करून परत पाठवा रे!"

हाफ टाइमनंतर बॉल अचानक टॉवरच्या पुढ्यात पडला. समोर एकटा गोलकीपर. डाव्या पायानं नुसता ढकलला असता तरी पुरे होतं. टॉवरनं पाय उचलला, तो हवेतच थबकला, आणि बॉल निवांत लाइनबाहेर गेला.

"नालायक!" पोस्टमन किंचाळले.

"गप्प बसा हो!" मास्तर त्यांच्या अंगावर ओरडले. "पाय गेलाय त्याचा! दिसत नाही तुम्हाला?"

पोस्टमन आ वासून त्यांच्याकडे बघत राहिले. खाली टॉवर गवतावर बसला होता. त्यानं डगआउटकडे बघून हात वर केला आणि स्वतःच दोन्ही हातांनी खूण केली, बदला मला. बाहेर जाईपर्यंत शिट्ट्या थांबल्या नाहीत. मास्तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. काही वेळानं पोस्टमननीही, नाइलाजानं, दोन वाजवल्या.

त्या दुसऱ्या स्ट्रायकरनं नुसतीच धावाधाव केली. मॅच गोलाशिवाय बरोबरीत सुटली, म्हणजे सीझनमधला पहिला पॉइंट. लोक कप जिंकल्यासारखे नाचत घरी गेले. मास्तर गेटपाशी थांबले, पण टॉवरला घेऊन ॲम्ब्युलन्स दुसऱ्या बाजूनं निघून गेली होती.

फोन बुधवारी आला. "बारीक फ्रॅक्चर आहे," टॉवर म्हणाला. "आणखी खेळलो असतो तर ऑपरेशन झालं असतं, म्हणाले डॉक्टर. आता प्लास्टर."

"आणि क्लब?"

"कोचनं मरणाचं झापलं. आधी का नाही बोललास म्हणून. परत पाठवायचं कुणी काढलं नाही. अजून तरी."

"अजून तरी," मास्तर म्हणाले. त्याला धीर द्यायला दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतं.

पुढच्या शनिवारी टॉवर कुबड्या घेऊन त्यांच्या बाकावर येऊन बसला. पोस्टमन सरकले, घसा साफ केला आणि त्याच्यापुढे शेंगदाण्यांची पुडी धरली. मॅच सुरू झाली. पहिल्याच कॉर्नरला आपला बचाव झोपलेला बघून टॉवर कुबडी आपटून ओरडला, "अरे, मागे बघ! मागे!" कुणी मागे बघितलं नाही. गोल झाला, समोरच्यांचा.

टॉवरनं कपाळाला हात लावला. "मास्तर, इथून बघणं फारच वाईट असतं हो."

"आत्ता कुठे सुरुवात आहे," मास्तर म्हणाले आणि पुढच्या मॅचचा विचार करायला लागले. ती बाहेरगावी होती, टेबलात सगळ्यांत वर असलेल्या टीमबरोबर.